दोन दारांमधली पडवी

परतीच्या वाटेला लागलो की आमच्याकडे एकच सिनेमा लागतो. जुना आहे, रंग उडालेत, मधूनमधून आवाज जातो. गोष्ट आकाशातलीच. एक मोठी गाडी, तिच्यात मूठभर माणसं, आणि बाहेरून आत शिरलेलं एक जनावर. जनावर अंधारात असतं तोवर अंगावर शहारा येतो. उजेडात आलं की रबर दिसतं. त्यात एक जागा आहे. कप्तान बाहेर गेलेला असतो, जनावर त्याच्या अंगात शिरतं, तो परत येऊन दार वाजवतो आणि त्याची बायको धावत जाऊन दार उघडते. तिथून पुढे एकेकाचा निकाल लागतो.

आमच्याकडे तो सगळ्यांना पाठ. ती बाई दाराकडे निघाली की धाकटा ओरडायचा, "अगं बये, नको उघडूस!"

मिस्त्री म्हणायचा, "नाही उघडलं तर सिनेमा इथेच संपेल. मग घरी पोचेपर्यंत काय मालकीणबाईंचं तोंड बघायचं?"

आणि मी दरवेळी म्हणायचे, "मी असते तर उघडलं नसतं."

"पोटचा पोरगा असता तरी?" मिस्त्री विचारायचा.

"पोटचा असता तरी. एकासाठी सगळ्यांना मारायचं का?"

"ऐकलंस?" धाकटा बायकोला कोपराने ढोसायचा. "असली सासू मिळाली तुला. नशीब काढलंस."

सून तेव्हा हसायची.

गाडी म्हणजे यान. शिकलेले यान म्हणतात. आम्ही गाडी म्हणतो, कारण ती गाडीसारखीच खडखडते आणि गाडीसारखीच ऐनवेळी रुसते. आमचा धंदा भंगाराचा. आकाशात मेलेल्या, बेवारशी गाड्या तरंगत असतात. त्या शोधायच्या, कापायच्या, तांबं-पितळ वेगळं काढायचं आणि तळावर नेऊन विकायचं. तळ म्हणजे वरचं गावच आहे. गल्ल्या आहेत, दुकानं आहेत, दवाखाना आहे, आता शाळासुद्धा आहे. माझं शिक्षण ती शाळा निघायच्या आधीच आटोपलं. सही येते, आकडे कळतात. त्याच्यावाचून माझं काही अडलं नाही.

आमचे हे गेल्यापासून गाडी माझ्या शब्दावर चालते. थोरला ती हाकतो. बोलतो कमी, घाबरतो जास्त. धाकटा बाहेर जाऊन कापाकापी करायचा. जीभ माझ्यावर गेली होती, अक्कल बापावर. त्याची बायको दवाखान्यात नर्स होती, लग्न करून भंगारात आली, असं तिची आई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. मिस्त्री नात्यातला नाही. पण इतकी वर्षं आमच्यात जेवतोय की भांडतो मात्र सख्ख्यासारखा.

गाडीला बाहेर जायला एकच वाट आहे. दोन दारं आणि मध्ये एक खोली. बाहेरून आलेल्याने आधी बाहेरचं दार लावायचं, खोलीत हवा भरायची, मग आतलं दार उघडायचं. तिला आम्ही पडवी म्हणतो. आतल्या दाराला ताटाएवढी जाड काच आहे आणि दाराशेजारी भिंतीत एक कोनाडा, दोन्हीकडून झाकणाचा, हत्यारं द्यायघ्यायला. दोन्ही दारांचे दांडे आतल्या बाजूला, माझ्या जागेजवळ. बाहेरच्या दाराचा एक दांडा पडवीतही आहे. आतलं दार मात्र आतूनच निघतं.

पडवीत काटा आहे. वरती कशालाच भार नसतो, सगळं तरंगतं, त्यामुळे तराजू उपयोगाचा नाही. आमचा काटा म्हणजे एक खुर्ची, तिला दोन बाजूंनी स्प्रिंगा. माणसाला पट्ट्यांनी घट्ट आवळायचं, खुर्ची ओढायची आणि सोडायची. हलका माणूस भराभर झुलतो, जड माणूस सावकाश. शेजारी आकडा उमटतो, पण मी झोका बघते. झोका खोटं बोलत नाही.

जाताना वजन आणि येताना वजन, हा आमचा नियम. वजन चुकलं की इंधन चुकतं आणि इंधन चुकलं की माणसं घरी पोचत नाहीत. असं मी सांगायचे. खरी गोष्ट अशी की भंगारवाल्याच्या खिशात काय काय असतं ते भंगारवाल्याच्या आईलाच ठाऊक असतं. धाकटा कधीही हात हलवत आला नाही. कुठे पितळी मूठ, कुठे आरसा, कुठे बायकोसाठी काचेचं बटण. मी काचेतून म्हणायचे, "खिसे उलटे कर." तो करायचा. तरी काटा पुढेच. मग तो बुटातून काहीतरी काढायचा आणि सगळे हसायचे. शेवटी थोडं जास्त भरलं तरी मी दार उघडायचे. बायकोसाठी आणतोय, बाहेरच्या बाईसाठी तर नाही ना.

ती गाडी सापडली तेव्हा आम्ही परत फिरायच्या बेतात होतो. लांबट, स्वच्छ, कुठे ओरखडा नाही. दिवे बंद, आत कुणी नाही, हवा मात्र शाबूत. हे थोरल्याने यंत्रावर बघितलं आणि म्हणाला, "हवा चांगली आहे."

आमच्या ह्यांचा आणखी एक नियम होता. मेलेल्या गाडीतली हवा आधी वापरायची, आपली राखायची. ती कुणाच्या बापाची नसते आणि आपली विकत घ्यावी लागते. दुसरे लोक परक्या गाडीत पोशाखाची काचेची टोपी काढत नाहीत. आमचा पोरगा आत गेला की पहिली टोपी काढायचा. नियम चांगला होता. त्याने आमची पुष्कळ हवा वाचली.

धाकटा गेला. दोरीचं टोक मिस्त्रीच्या हातात. आत गेल्यावर त्याचा आवाज आला, "इथे गोडसर वास येतोय, आई. पाक करपल्यासारखा. माणूस एकही नाही. गाद्यांचे पट्टे बांधलेले आहेत, आत नुसते कपडे."

मग आवाज बंद झाला. दोरी ढिली पडली. मिस्त्रीने हिसके दिले, उत्तर नाही. सून उठून पोशाख चढवायला लागली, मी तिला थांबवलं. एक गेला म्हणून दुसऱ्याला पाठवायचं नसतं. बऱ्याच वेळाने दोरी ताठ झाली आणि जांभई ऐकू आली.

"डोळा लागला होता," धाकटा म्हणाला. "मस्त झोप लागली. आलो."

"कामावर झोपतोस?" मी म्हटलं. "बापाचं नाव काढलंस."

तो पडवीत आला, बाहेरचं दार लागलं, हवा भरली. टोपी काढून त्याने काचेला नाक लावलं, नेहमीसारखं. "भूक लागली," म्हणाला. "काहीही द्या, पण लवकर द्या."

"आधी काटा."

तो बसला, पट्टे आवळले, सोडला. मी झोका बघितला आणि म्हटलं, "खिसे उलटे कर."

त्याने केले. एक छोटी आरशाची डबी निघाली. "ही हिच्यासाठी," तो म्हणाला. सुनेने काचेतून बघितलं आणि लाजल्यासारखं केलं.

"परत बस."

पुन्हा तोच झोका. साधारण एका मांजरीइतकं जास्त. "बूट," मी म्हटलं. त्याने बूट काढले, पोशाख काढला, आतल्या कपड्यांवर बसला. मांजर तिथेच.

"काटा बिघडलाय," थोरला म्हणाला.

"दगड लाव," मी म्हटलं. पडवीत एक लोखंडी दगड बांधून ठेवलेला आहे, काटा तपासायला. भंगारवाल्यावर माप मारल्याचा आळ आधी येतो, म्हणून आम्ही दिवसाआड काटा तपासतो. धाकट्याने दगड खुर्चीला आवळला आणि सोडला. दगड बरोबर होता. त्याने माझ्याकडे बघितलं. इतका वेळ तो हसत होता, आता थांबला.

"आई, माझ्याकडे काही नाही. शपथ."

"माहीत आहे."

"मग उघड ना."

"थांब जरा."

सून पुढे आली. "अंगात पाणी धरलं असेल, आई. सूज असेल. मला आत जाऊ द्या, मी तपासते."

"काचेतून तपास."

"काचेतून नाडी लागते का?"

"मग नाडी राहू दे."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की दुसरी असती तर जागची हलली असती. मी कोनाड्यातून जेवण दिलं. सगळ्यांचा वाटा एकट्याने संपवला त्याने. पुन्हा मागितलं. पुन्हा दिलं. मिस्त्री म्हणाला, "पोरगं उपाशी होतं हो, बस्स. तुम्ही पण काय, सिनेमा बघून बघून डोक्यात घेतलंय."

"तू जातोस का आत त्याच्याबरोबर?" मी विचारलं.

मिस्त्री हातातली दोरी गुंडाळत राहिला.

पहिल्या दिवशी आम्ही असं ठरवलं की बघू. दुसऱ्या दिवशी ते सुनेनेच बघितलं. ती काचेपासून हलत नव्हती. वरती माणसाचं तोंड नेहमी फुगलेलं असतं. रक्त पायांत उतरत नाही, डोक्यात चढून बसतं. तळावरून नवीन आलेली माणसं आठवड्यात पुरीसारखी फुगतात. सून मला म्हणाली, "आई, इकडे या. ह्यांचे गाल बघा."

धाकट्याचे गाल बसले होते. डोळ्यांखाली खळगे पडले होते, मानेच्या शिरा दिसत होत्या. तिने त्याला प्रेमाने विचारलं, "काट्यावर बसता का जरा?" तो बसला. जेवढं खाल्लं होतं तेवढं वजन वाढलं होतं, आणि बाहेर काही पडलं नव्हतं, कणभरही नाही. चेहरा ओसरत होता आणि काटा चढत होता.

झोक्यात आणखी एक गोष्ट होती. ती मी आधी बघितली, मग थोरल्याला दाखवली, म्हणजे मला म्हातारपणी भास होतात असं कुणी म्हणायला नको. खुर्ची डावीकडे जायची, उजवीकडे जायची, आणि परत फिरताना मध्येच एक हलका गचका बसायचा. धाकटा स्थिर होता, पट्टे घट्ट होते. त्याच्या आत काहीतरी वेगळं झुलत होतं, त्याच्या मागून, आपल्या लयीने. झोक्यात झोका.

थोरल्याने हात तोंडावर धरला आणि तो तळाशी बोलायला गेला. परत आला तेव्हा त्याचा रंग उडाला होता.

"काय म्हणाले?"

"पडवी रिकामी करून या, म्हणाले. नाहीतर येऊ नका. जवळ आलात तर लांबूनच..." पुढचं त्याने गिळलं.

"डॉक्टर पाठवा म्हणायचं होतंस!" सून म्हणाली.

"म्हटलं गं. ते म्हणाले, ती लांबट गाडी आम्हाला माहीत आहे. याआधी दोघं तिच्यात जाऊन आले. एकाला त्याच्या माणसांनी दार उघडलं. आता त्यांची गाडी नाही आणि तिच्यातलं कुणी नाही."

"मग त्या गाडीवर पाटी का नाही लावली मेल्यांनी?" मी म्हटलं. पण आकाशात पाटी कुठे लावणार.

पोचायला आम्हाला कित्येक आठवडे होते. कोठारात आमच्यापुरतं अन्न होतं, त्याच्या भुकेला नव्हतं. आणि पोचलो तरी आम्हाला उतरायचं होतं त्याच पडवीतून. तिचं बाहेरचं दार तळाच्या गल्लीत उघडतं. तिथे शाळा सुटलेली असते, दुकानांत बाया असतात.

"झोपेचं औषध देऊ," सून म्हणाली. "जेवणातून देते. मग आत जाऊन..."

"मग आत जाऊन काय? कापणार?"

"हो, कापीन! दवाखान्यात मी काय लादी पुसत होते का?"

"कशाला कापशील? कुठे आहे ते माहीत आहे तुला?"

तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इथे पाणी ओघळत नाही, डोळ्यावरच फुग्यासारखं साचून राहतं. तिने ते बाहीने टिपलं आणि कोनाड्यातून औषध घातलेलं जेवण दिलं. मी अडवलं नाही. धाकट्याने खाल्लं आणि तो झोपला. त्याच्या अंगावरचा सदरा मात्र झोपला नव्हता. पोटापासून खांद्यापर्यंत तो सावकाश हलत होता, आतून कुणी जागा बदलल्यासारखा. सून तिथून हलली आणि पहिल्यांदा काचेकडे पाठ करून उभी राहिली.

आता एक गोष्ट सांगते, जी तेव्हा फक्त मला ठाऊक होती. आठवड्याला मी सगळ्यांना काट्यावर बसवायचे. गेल्या दोन खेपांना सुनेचा झोका जरासा मंदावला होता. खाणं तेवढंच, सकाळी तोंड धरून पळत होती, आणि मला म्हणायची पित्त झालंय. चार पोरं झाली मला, दोन जगली. पित्त कसलं ते मला कळतं. ती आपल्या नवऱ्याला सांगायला योग्य वेळ बघत होती. परतीच्या वाटेला, सिनेमा चालू असताना सांगेल, असा माझा अंदाज होता.

धाकटा जागा झाला तेव्हा त्याचा आवाज बदललेला नव्हता. तेच वाईट होतं. सिनेमात आवाज घोगरा होतो, डोळे पांढरे होतात, म्हणजे बघणाऱ्याला सोपं जातं. हा आपला होता तसाच होता, फक्त कातडं हाडाला लागलेलं.

"आई."

"बोल."

"सिनेमात तू काय म्हणायचीस?"

"तेच म्हणते."

"नाही उघडणार?"

"नाही."

त्याने मान हलवली. मग एकदम काचेवर दोन्ही हात मारले. "अगं, पण मी मीच आहे! विचार काहीही. लहानपणी मी बाबांचं घड्याळ उघडलं होतं आणि तू मला लाटण्याने मारलंस, विचार की! मला भूक लागली आहे, बस्स. मला आत घे. मला बाहेर एकट्याला नको ठेवूस, आई."

थोरला आतल्या दाराच्या दांड्याकडे आला. रडत होता. मी त्याच्या हातावर चापट मारली, लहानपणी मारायचे तशी, आणि तो मागे झाला. इतका मोठा माणूस, पण चापट ओळखतो.

सून मात्र दांडा धरून उभी राहिली. तिला चापट मारून चाललं नसतं. "उघडते मी," ती म्हणाली. "तुम्ही सगळे तिकडच्या खोलीत जा, मधलं दार लावून घ्या. मी आणि हे, दोघंच राहतो. मग जे व्हायचं ते होऊ दे."

"तुम्ही दोघंच नाही आहात," मी म्हटलं.

तिला लगेच कळलं. ती म्हणाली, "आई, नका. आई, ते मला सांगायचंय."

मी काचेकडे तोंड केलं आणि धाकट्याला सांगितलं, "तुझी बायको दोन जिवांची आहे. तीन महिने होत आले."

सुनेने माझ्या दंडाला इतक्या जोरात धरलं की खुणा पुढे बरेच दिवस राहिल्या. "ते माझं होतं," ती म्हणाली. "ते मी सांगायचं होतं. तेवढं तरी माझं ठेवायचं."

"तू सांगितलं असतंस तर आनंदाने सांगितलं असतंस. त्याला आता आनंदाचा उपयोग नव्हता."

धाकट्याने बायकोकडे बघितलं. "खरं का गं?"

तिने मान हलवली.

"पित्त म्हणालीस की मला."

"चिडवायचं होतं तुम्हाला."

तो हसला. दात फार मोठे दिसले, ओठच राहिले नव्हते. मग तिला म्हणाला, "दांडा सोड बघू." तिने सोडला नाही. "अगं सोड. आईचं ऐक. आयुष्यात पहिल्यांदा मी पण ऐकतोय."

तिने सोडला, पण जागची हलली नाही.

तो वळला आणि पडवीतल्या बाहेरच्या दाराच्या दांड्याकडे गेला. हात उचलला. हात अर्ध्यावर थांबला आणि खाली आला. पुन्हा उचलला. पुन्हा तेच. आतलं जे होतं, त्याला बाहेर जायचं नव्हतं. त्याच्या मानेवर घाम गोळा झाला, तिसऱ्यांदा त्याचा हात दांड्याऐवजी कोनाड्याकडे गेला आणि तो म्हणाला, "काहीतरी खायला द्या." मग स्वतःचंच ऐकून घाबरला आणि हात काखेत दाबून धरला.

"आई, मला जमत नाहीये."

"बरं."

"तू कर."

"करते. खुर्चीत बस. पट्टे नको बांधूस."

"का?"

"लवकर होईल."

तो खुर्चीत बसला. खुर्ची आपोआप जराशी झुलली, आणि मागून तो गचका. धाकट्याने आरशाची डबी उचलली, कोनाड्यात ठेवू लागला. "ही तिला..."

"नको," सुनेनेच म्हटलं. मी तोंड उघडायच्या आत. "ती तिकडचीच आहे. राहू दे तुमच्याकडे."

"बघ," तो मला म्हणाला. "झाली तुझ्यासारखी."

मी मिस्त्रीला म्हटलं, थोरल्याला घेऊन जा. मिस्त्रीने त्याला खांद्याला धरून नेलं. सुनेला मी जा म्हटलं नाही. सांगून ती गेली नसती. दार उघडणार नाही असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. बाहेरच्या दाराचा दांडा जड आहे, दोन्ही हात लावावे लागतात. मी लावले आणि ओढला.

काच गोठून पांढरी झाली. पांढरेपणा विरल्यावर पडवी रिकामी होती. खुर्ची तेवढी झुलत होती, रिकामी, भराभर.

त्यानंतर पडवी आम्ही उघडी ठेवून दिली, चांगले काही दिवस. बाहेरच्या थंडीत काही टिकत नाही असं मिस्त्री म्हणतो, थोरला म्हणतो माहीत नाही. मग दार लावलं, हवा भरली, दगड लावून काटा तपासला आणि एकेकाला बसवलं. आता मी सगळ्यांना रोज बसवते. आतलं दार लावून बसवते. कुणी कुरकुर करत नाही. मलाही बसवतात. काचेपलीकडे तेव्हा सून असते आणि ती आकडा बघत नाही, झोका बघते.

तळाने आम्हाला पोचल्यावरही आत घेतलं नाही. लांब उभे राहा म्हणाले, वजनं कळवा म्हणाले. आम्ही कळवतो. अन्न दोरीला बांधून पाठवतात. सुनेची आई रेडिओवर येऊन मला जे बोलायचं ते बोलली. मी ऐकून घेतलं. बाई चांगल्या घरातली आहे, पण शिव्या तिला येतात.

सून माझ्याशी कामापुरतं बोलते. तो सिनेमा कुणी लावत नव्हतं. एकदा तिनेच लावला. ती बाई दाराकडे निघाली तेव्हा ओरडायला कुणी नव्हतं. मिस्त्री म्हणाला, "हं." बाईने दार उघडलं. सून शेवटपर्यंत बघत बसली. मग म्हणाली, "रबर आहे ते," आणि बंद केला.

तिचा झोका रोज मंदावतोय. मंदावायलाच पाहिजे. मी रोज तिचे गाल बघते. गाल भरलेले आहेत, हनुवटीखाली मांस आलंय, जेवते तेवढं पचतं, पडायचं ते बाहेर पडतं. हे सगळं विचारावं लागतं, ते मी विचारते आणि ती सांगते. लाज आम्ही दोघींनी त्या दिवशीच बाहेर टाकली.

आज सकाळी ती खुर्चीत बसली. मी दार लावलं, काचेशी आले. तिने स्वतःच खुर्ची ओढून सोडली. डावीकडे गेली, उजवीकडे गेली, आणि परत फिरताना मध्येच एक गचका बसला. लहान. झोक्यात झोका.

मी हललेही नाही, निदान मला तसं वाटलं. सुनेने पोटावर हात ठेवला होता. मग तिने वर बघितलं, काचेतून, माझ्या तोंडाकडे नाही, खाली. मी तिच्या नजरेमागे बघितलं. माझे दोन्ही हात बाहेरच्या दाराच्या दांड्यावर होते.

ती ओरडली नाही. पट्टेही सोडले नाहीत. म्हणाली, "लाथ मारली त्याने. पहिल्यांदाच मारली." आणि थोडं थांबून, "गाल बघा माझे, आई."

मी बघितले. भरलेले होते.

"हात काढा आता," ती म्हणाली.

खुर्ची झुलत होती. तो गचका आणखी एकदा आला, तिची लय चुकवून. मी बघितलं, तिने सदरा वर घेतला, आणि पोटावर एक टेंगूळ उठलं आणि बसलं, टाचेएवढं. मला चार झाली आहेत. टाच मला कळते.

मी हात काढला. मग दुसरा काढला. आणि आतलं दार उघडलं.